भिंतीला हात न लावता

आक्का, तुम्हाला जाऊन महिना होत आला. घरात, शेजारात, पार पाव्हण्यारावळ्यांत एकच बोलणं चाललंय, की थोरलीला पाण्यानं नेलं. दहाव्याला आलेली एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली, "लकव्याचं माणूस रोज विहिरीत डुंबायचं, मग अंगात वारं भरंल न्हाय तर काय?" मी म्हणाले, "पाण्यानं न्हेलं न्हाय बाई, पाण्यानं ठिवलं हुतं. न्हेलं ते कोरड्या ओट्यावरनं." सासूबाईंनी माझ्याकडं डोळे वटारले. पण गप्प बसायला मला कधी जमलंय? धाकटीच्या जिभेला हाड न्हाय, असं तुम्हीच सगळ्यांना सांगायच्या. तर त्या सगळ्यांना उत्तरं देऊन झाली. तुमच्याशी बोलायचं राहिलंय, म्हणून दुपारची बसलेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. मी लिहिताना मोठ्यानं बोलते, ते ऐका.

मी लग्न होऊन या मळ्यात आले तेव्हा आपली ती दोन मोटांची विहीर बघून मी काठावरनं मागं सरले होते. माझं माहेर कोरडवाहू मुलखातलं. तिथं पाणी म्हणजे घागरीत मावेल तेवढं. तुम्ही भीमाकाठच्या, इंदापूरच्या पलीकडच्या. तुम्हाला चालायला आधी आलं की पोहायला, याचा तुमच्या आईलाही पत्ता नव्हता. माझी भीती बघून तुम्ही दुसऱ्याच दिवशी माझ्या पाठीला वाळला भोपळा बांधलात आणि पायरीवरनं ढकललंत. वर आल्यावर मी तुम्हाला ज्या शिव्या घातल्या, त्या ऐकून तुम्ही पोट धरून हसलात. नव्या नवरीनं थोरल्या जावेला बापावरनं शिव्या दिल्या, आणि जाऊ म्हणते कशी, "दम हाय गं पोरीच्यात. पव्हणार ही."

विहीर आपली असायची ती फक्त दुपारी. मोटा सुटल्या, बैल सावलीला बांधले, गडी भाकरी खाऊन बांधावर आडवे झाले, की पुन्हा मोटा जुंपेपर्यंत विहिरीवर बाप्या माणसानं यायचं नाही, हा घरचा नेम. सासूबाई मिरच्या वाळत घालायच्या निमित्तानं काठावर बसायच्या. घरात उभं अंगण मोकळं असताना यांच्या मिरच्या विहिरीच्या तोंडाशीच कशा वाळतात, हे मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "हितं ऊन चांगलं लागतं."

मग त्या साली गव्हाची सोंगणी चालली असताना तुमच्या अंगावरनं वारं गेलं. डावी बाजू गेली. तोंड थोडं वाकडं झालं, हात लोंबायला लागला, पाय ओढत चालायचा. बारामतीच्या वैद्यांनी तेल दिलं, हातपाय हलते ठेवा म्हणाले. तुम्ही ओट्यावर बसून राहिलात. बोलायच्या सुद्धा नाहीत. कुणी भाकरी कुस्करून पुढं केली की मान फिरवायच्या. माझ्याशी भांडावं म्हणून मी मुद्दाम कालवणात मीठ जास्त घालायचे, तेही तुम्ही निमूट खाल्लंत. तेव्हा मी घाबरले, आक्का. तुमच्या हाताचं मला एवढं काही वाटलं नव्हतं.

हवापालट म्हणून तात्यांनी, तुमच्या भावानं, तुम्हाला माहेरी नेलं. टरबुजाचे दिवस होते. तात्यांची टरबुजांची वाडी नदीपल्याडच्या वाळूत, मधे भीमेचा खोल डोह. परत आलात तेव्हा डोळ्यांत अंगार होता. मला बाजूला घेऊन म्हणालात, "धाकटे, मला पोत्यावानी उचाललं गं. उचलून होडीत ठिवलं, उचलून वाळूत ठिवलं. ज्या डोहातनं मी पोरपणी म्हशी हाकून न्हेल्या, त्या डोहावरनं मला उचलून न्हेलं!" तात्यांनी मायेनंच केलं होतं, तुम्हालाही ते ठाऊक होतं. पण तुम्ही देव्हाऱ्याकडं बघून बोललात, "आता त्या वाडीत जाईन तर हातानं जाईन. न्हाय तर टरबुजाचं तोंड बघायची न्हाय." कितीतरी दिवसांनी तुम्हाला राग आलेला बघून मी आत जाऊन रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोपळा मी काढला आणि तुमच्या पाठीला मी बांधला. ढकललं मात्र नाही. तुम्ही बसून बसून पायऱ्या उतरलात आणि पाण्यात शिरलात. उजवा हात मारला की तुम्ही गोल फिरायच्या. डावा हात पाण्यात नुसता पडून असायचा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं नि यायचं, त्याला आपण खेप म्हणायचो. पाणी आणायच्या खेपा करून आपला जन्म गेला, दुसरा शब्द कुठनं सुचणार? पहिल्या दिवशी एक खेप पुरी व्हायला एवढा वेळ लागला, की वरनं सासूबाईंनी दोनदा विचारलं, "हाईत का दोघी?"

महिना दोन महिन्यांत तुम्हाला खेपा जमायला लागल्या, आणि तिथंच खरा घोळ झाला. तुम्हाला वीट आला. हात थकला म्हणून नव्हे हो, वीट आला म्हणून तुम्ही वर जाऊन बसायला लागलात. "तीच भित, तेच शेवाळ, त्येच कासव. मी काय घाण्याचा बैल हाय का?" असं म्हणून लुगडं पिळायला लागायच्या. मी हात जोडले, भांडले, वैद्यांचं नाव घेतलं, देवाचं घेतलं. तुम्ही ढिम्म. लकव्यापेक्षा मला त्या विटाची धास्ती वाटली. बसलं माणूस की बसलं.

मग मी दर खेपेला काहीतरी नवं काढायला लागले. एक खेप पाठीवर पडून. एक खेप नुसत्या पायांनी, हात डोक्यावर धरून. एक खेप उजव्या हातानं काष्टा घट्ट धरायचा आणि डाव्यानं काय होईल ते होऊ द्यायचं. त्या खेपेला तुम्ही मला जे बोललात ते मी इथं लिहीत नाही. पितळेची वाटी बुडाल्या पायरीवर ठेवायची आणि तुम्ही बुडी मारून डाव्या हातानं काढायची. ती वाटी कितीदा निसटली! एकदा तर खोल गेली ती गेलीच, सासूबाई अजून ती शोधतायत. उन्हाळ्यात पाणी पार निमुळत्या तळाला उतरलं आणि खेप चार हातांत संपायला लागली. तेव्हा मी मोटेचा जुना नाडा पायरीच्या कडीला बांधून दुसरं टोक तुमच्या कमरेला बांधलं. कितीही हात मारा, जागचं हलायचं नाही. तुम्ही पाण्यातनं ओरडलात, "अगं रांडं, जावंला दावणीला बांधलीस व्हय गं!" आणि हात मात्र मारत राहिलात. रागात डावा हात पाण्यावर आपटला गेला, तो पहिल्यांदा. आपटला म्हणजे अगदी आवाज झाला. आपण दोघी त्या हाताकडं बघत राहिलो.

पण खरा इलाज झाला तो ओव्यांचा. जात्याच्या खुंट्यावर तुमचा हात बसत नव्हता, म्हणून आपलं बरोबर दळणं सुटलं होतं, आणि पहाटेच्या ओव्याही. जात्यावर कसं, एकीनं एक म्हणायची, दुसरीनं पुढची म्हणायची. मी म्हटलं, तेच इथं करू. खेप संपली की एक ओवी. जुनी चालायची नाही, आयांच्या आज्यांच्या तोंडची चालायची नाही. स्वतःची पाहिजे, त्याच खेपेत जुळवलेली. जिची अडली तिला एक खेप जादा. तुमचे डोळे लकाकले. पलीकडच्या भिंतीशी पोचून, धापा टाकत तुम्ही पहिली म्हटली ती मला पाठ आहे:

"पहिली माझी खेप, पायरीच्या गं पाशी,
हात माझा रुसला, बोलंना तो माझ्याशी."

मी काय सोडते? मी म्हटलं:

"दुसरी माझी खेप, कासवाच्या वाटंवरी,
जाऊबाई मागं ऱ्हाती, कासव जातं म्होरी."

तुम्ही माझ्या तोंडावर पाणी उडवलंत, डाव्या हातानं. त्या दिवसापासून तुम्हाला वर बोलवावं लागायचं, पाण्यात बोलवावं लागलं नाही. सकाळी भाजी निवडताना तुमचे ओठ हलताना दिसले की मी समजायचे, चोरी चालली आहे. त्याच खेपेत जुळवायची म्हणजे जुळवायची! यावरनं आपण किती भांडलो. दम राखून पोहल्याशिवाय गाता येत नाही, म्हणून तुम्ही आपोआप दमानं, लांब लांब हात मारायला शिकलात. आणि एके दिवशी आपली दोघींचीही अडली. तुम्हाला सुचेना, मला सुचेना. तेवढ्यात वरनं, मिरच्यांपाशनं आवाज आला:

"विहिरीच्या काठी, वाळविते मी मिरची,
सुना माझ्या पाण्यामधी, चूल निजली घरची."

आपण दोघी हसता हसता पाणी प्यालो. सासूबाई मिरच्या परतायला लागल्या, जशा काही बोलल्याच नाहीत. आणि थोरले दीर! बैलांना ऊन लागतंय म्हणून मोटा उशिरा जुंपायला लागले. बैल तेच, ऊन तेच, मळ्यातला ऊसही पाण्याला तहानलेला. तुमच्या नवऱ्याला दोन शब्द बोलायला जड जायचं, पण त्यांनी हे केलं. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं, तुम्हाला ठाऊक असेल असं धरून चालले.

थंडीच्या तोंडाला तुम्ही तव्यावर भाकरी टाकलीत. दोन्ही हातांनी थापलेली. वाकडी होती, एका बाजूला जाड होती. घरातल्या सगळ्यांनी ती वाटून खाल्ली.

आता आपल्या भांडणाकडं येते. ते अर्धं राहिलंय. पौषात तुम्ही म्हणालात, आता भिंतीला हात लावायचा नाही. भिंत आली की तिच्या अलीकडंच वळायचं, न शिवता. मी म्हटलं, हे नवीन काय खूळ? खेप संपली, भिंतीला धरावं, श्वास घ्यावा, ओवी म्हणावी. तुम्ही म्हणालात, "धाकटे, डोहाला भिंती हाईत का? तितं काय धरू? तात्याचा गळा?" मी म्हटलं, "विहिरीत मजबूत झालेला हात नदीत पण मजबूतच ऱ्हातो." तुम्ही म्हणालात, "तू विहिरीची. तुला न्हाय कळायचं." झालं! माझं डोकं सणकलं. मी विहिरीची तर मी विहिरीची, पण तुम्हाला पाण्यात परत कुणी आणलं? असं मी बोलले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तूच आणलंस. पर मला भिंतीला हात लावू देऊ नगंस." आणि तुम्ही खरंच लावायच्या नाहीत. ओवी सुद्धा तरंगत तरंगत म्हणायला लागलात. एकदा मधेच थांबून म्हटलीत:

"डोहाच्या पल्याड, बंधवाची हाये वाडी,
हातानं येते म्हणा, नको धाडू मला होडी."

मी भिंत धरून ऐकत होते. भिंत सोडायला मी काही तयार नव्हते, शेवटपर्यंत. तुम्ही चिडवायच्या आणि मी मुद्दाम दोन्ही हातांनी धरायचे. चैत्रात जायचं ठरलं होतं. तात्यांना निरोप गेला होता, की टरबुजं राखून ठेवा आणि होडी दडवून ठेवा.

आणि तुम्ही माघातच गेलात. मी बारामतीच्या बाजारला वांगी घेऊन गेले होते. तुमच्यासाठी हिरवा चुडा घेतला होता, कारण जुना पाण्यात पोहून पोहून फुटायचा. परत आले तर दारात पायताणंच पायताणं. तुम्ही ओट्यावर मेथी निवडत होतात, म्हणे, आणि जुडी हातात असताना तशाच कलंडलात. ना पाण्यात, ना पायरीवर. निवडलेली मेथी सुपात वेगळी होती, न निवडलेली वेगळी. मला वाटलं मी मोठ्यानं ओरडेन. आवाजच फुटला नाही, आणि ज्या घरात माझा आवाज कधी बंद झाला नव्हता त्या घरात सगळे माझ्याकडं बघायला लागले.

तिसऱ्या दिवशी बाप्ये सावडून आले. अस्थींचं गाडगं दारापुढच्या लिंबाला टांगलं. मी त्यातली चिमटीभर राख काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. सासूबाईंनी बघितलं. मला वाटलं आता कडाडतील. त्या तोंड फिरवून म्हणाल्या, "दीर भीमंला निघालेत उंद्या. तू बी जा. मी सांगते त्यास्नी." बायका जात नाहीत अशा कामाला. भाऊबंद काय म्हणायचं ते म्हणोत, सासूबाईंपुढं कोण बोलणार? निघताना माझ्या हनुवटीला हात लावून त्या म्हणाल्या, "होडी संगं असू दी." मी काही सांगितलंच नव्हतं त्यांना.

आम्ही येष्टीनं इंदापूर गाठलं, पुढं तात्यांची गाडी. डोह बघितला, आक्का. तुम्ही सांगायच्या त्यापेक्षा मोठा आहे. दिरांनी होडीतनं मधोमध जाऊन अस्थी सोडल्या. मग परत काठाला आले. तात्या म्हणाले, "पल्याड वाडीवर चला, घटकाभर टेका." मी म्हटलं, "तुमी व्हा म्होरं. मी हातानं येते."

"खुळी का काय तू? विहिरीतली पव्हणारी, हितं पाणी वढतंय."

"आक्कांचं जायाचं ऱ्हायलंय तात्या. मी घिऊन जाते त्यांना."

तात्यांनी दिरांकडं बघितलं. दीर खाली बसले, पाण्यात हात घातला, बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "येऊ दी तिला. होडी अंगाला लावू नगा." आयुष्यात एवढं बोलणं त्यांचं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी काष्टा घातला, पदर कमरेला खोचला, गाठ चाचपली आणि पाण्यात शिरले. पहिल्यांदा बरं वाटलं. हात लांब पडत होते, दम होता. मला वाटलं, एवढंच ना? आणि मग, विहिरीची रुंदी होते तेवढं अंतर कापल्यावर, माझा हात आपोआप पुढं गेला आणि बोटं पसरली. दगड धरायला. दगड कुठला? पाणीच. आणखी पुढं गेले, पुन्हा हात पसरला. मला वाटायचं मी खेपा करते, सलग पोहते. अहो, मी दर खेपेला भिंत धरून मुक्काम करत होते, आणि ते मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. तोंडात पाणी गेलं. तात्यांनी वल्हं पुढं केलं, "धर, पोरी, धर!" मी म्हटलं, "लांब घ्या ती होडी!" मग उताणी पडले, तुम्हाला शिकवलं होतं तशी. वर नुसतं ऊन. श्वास जागेवर आला. तुम्ही जिंकलात, आक्का. भांडण तुम्ही जिंकलात, आणि ते मी पाण्यात मोठ्यानं बोलले, तात्यांनी ऐकलं. मग पालथी झाले आणि हात मारत राहिले, वाळू गुडघ्याला लागेपर्यंत.

वाडीत वेल पसरले होते, मुठीएवढी टरबुजं धरली होती. तुम्हाला तिथंच, वेलांच्या मधे ठेवायचं माझ्या मनात होतं. मी वाळूवर बसले आणि पदराची गाठ शोधली. गाठ होती तशी होती, भिजून घट्ट बसलेली. दातांनी सोडवली. आत काहीच नव्हतं. लुगड्याला करडा डाग, बास. राख पाण्यात कापडातनं निघून जाते, हे शेंबड्या पोराला कळेल. मला कळलं नाही. माझ्या माहेरी गाठीत बांधलेली वस्तू गाठीतच राहते.

मी वाळूवर हात आपटून रडले. त्या चार दिवसांचं नव्हे, तुम्ही ओट्यावर बसून राहिलात तेव्हापासूनचं सगळं रडले. "आणली हुती हो तात्या. गाठीत धरून आणली हुती. कुठं सांडली कळलंच न्हाय."

तात्या माझ्या शेजारी टेकले. आपण दोघी आलो त्या पाण्याकडं, या काठापासून त्या काठापर्यंत, ते बघत राहिले. डोळे पुसले आणि म्हणाले, "म्या एकदा तिला उचलून न्हेलं, त्येचा तिला किती राग. मग तुला तरी कशी उचलून न्हिऊ दील ती?"

खरं आहे हो, आक्का. मीसुद्धा तुम्हाला उचलूनच आणत होते.